झाडीपट्टीच्या अप्रकाशित रात्री

वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील चंद्रपूर, गडचिरोली आदी जिल्ह्यांच्या ज्या वनव्याप्त मुलखाला झाडीपट्टी म्हणतात, तेथे दिवाळीनंतर गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरू लागली की रात्री नाटक लागते आणि ते पहाटेपर्यंत चालते. वडशाच्या नाट्यमंडळ्या होळीपर्यंत या मुलखात फिरतात; कुरखेडा तालुक्यातील नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्रीही मिळाली; परंतु अमुक गावी अमुक रात्री झालेला प्रयोग कसा रंगला हे ऐकावयाचे असेल, तर कोणा रसिकाने हौसेने भरून ठेवलेल्या कॅसेटीवाचून दुसरा आधार नाही. अशा कॅसेटी शोधणे आणि नोंदविणे हा माझा व्यासंग आहे.

कॅसेट हाती येताच लावण्याचा मोह आवरावा लागतो. अनेक पावसाळ्यांची दमट हवा लागून फितीवर पांढरी बुरशी धरलेली असते, आणि ती तशीच चालविली तर हेडवर बसून आवाज गढूळ करते व पुढच्या फितीलाही लागते. म्हणून कवचाचे पाच स्क्रू काढून, फीत दोन्ही चकत्यांसह उचलून, कोरड्या मऊ कापडाने हळूहळू पुसून नव्या कवचात बसवायची. फितीला हेडशी दाबून धरणारी नमद्याची इवलीशी गादी बहुधा सुटून पडलेली असते, तीही बदलायची. मग हेडशेजारचा बारीक स्क्रू किंचित किंचित फिरवीत, तबल्याची चाट आणि ऑर्गनचे तीव्र स्वर उजळेपर्यंत कान देऊन बसायचे; कारण ज्या यंत्रावर ती रात्र भरली गेली त्याचे हेड किती कलते होते, हे त्या फितीलाच ठाऊक असते. नव्वद मिनिटांच्या कॅसेटीची बाजू पाऊण तासात संपते, त्यामुळे ऐन रंगलेल्या प्रवेशात खंड पडतो, त्यास इलाज नाही.

श्रोत्यांनी हौसेने भरलेल्या अशा फितींची कदर अन्यत्रही झाली आहे. ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडने १९८४ साली ध्वनिमुद्रण करणाऱ्या श्रोत्यांना स्वतंत्र जागाच नेमून दिली होती. त्यांचा ८ मे १९७७ चा कॉर्नेल विद्यापीठातील कार्यक्रम वर्षानुवर्षे नकलांतून हातोहात फिरला आणि २०१७ साली रीतसर प्रकाशित झाला. त्या संग्राहकांनी तारीख व स्थळ कसोशीने जपले, हे मला त्यांच्या संग्रहाच्या विस्तारापेक्षा थोर वाटते. फुटक्या आवाजाची, परंतु गाव आणि साल सांगणारी कॅसेट ही स्वच्छ पण निनावी कॅसेटीहून निःसंशय मोलाची. आमच्याकडे वेष्टनावर क्वचितच मजकूर असतो. दाखला मिळतो तो दोन अंकांमधील घोषणांत, बक्षीस देणाऱ्याच्या गावात, उद्याच्या शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, वेळेत. निवेदक ‘गडचिरोली जिल्हा’ म्हणाला, तर ती रात्र २६ ऑगस्ट १९८२ नंतरची, कारण त्या दिवशी हा जिल्हा चंद्रपूरपासून वेगळा झाला. म्हणूनच गर्दीचा गलका यंत्राने पुसून नाटक ‘साफ’ करण्यास माझा सक्त विरोध आहे.

मूळ कॅसेट मी ठेवून घेत नाही. तपशील नोंदवहीत उतरवून ती मालकाच्या हवाली करतो. लेखकाच्या आणि मंडळीच्या संमतीवाचून नक्कलही कोणास देत नाही, कारण यांतील कित्येक नाटके आजही लागतात आणि त्यांच्या तिकिटांवर नटांची चूल पेटते.