पट्टी सरकवली की तापमान हलतं

मैत्रिणींनो, मुलं कॉम्प्युटरसमोर बसली की आपला पहिला शब्द काय? "बंद कर ते!" परवा मीही तश्शीच ओरडले. नववीतली पुतणी म्हणाली, "काकू, गेम नाहीये, अभ्यास आहे. ये, बघ तरी." कणीक तशीच झाकून ठेवली आणि बसले.

पडद्यावर सूर्य, जमीन, आकाश. सूर्याकडून पिवळे ठिपके येत होते, तापलेल्या जमिनीतून तांबडे वर जात होते. हवेतले वायू वाढवले, की बरेच तांबडे ठिपके पुन्हा खाली वळत आणि कडेचा थर्मामीटर चढे. 1750 साल निवडा, 2020 निवडा, फरक समोर! तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड 280 च्या आसपास होता, आता 420 च्या वर गेलाय. पुस्तकात याला 'हरितगृह परिणाम' म्हणतात. हरितगृह आपण किती जणींनी पाहिलंय? गोधडी म्हटलं असतं तर केव्हाच कळलं असतं!

हा खेळ 'फेट' नावाच्या संचातला. नोबेलविजेते कार्ल वायमन यांनी अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात 2002 साली तो सुरू केला. फुकट आहे आणि एकदा उतरवून घेतला की नेट नसतानाही चालतो. आपल्याकडच्या शाळांना हे फार सोयीचं.

मग तिनं दुसरा उघडला, 'एन-रोड्स'. 'क्लायमेट इंटरॅक्टिव्ह' ही संस्था आणि एमआयटी यांनी केलेला, 2019 पासून सर्वांना खुला. यात जगाचा कारभार आपल्या हाती! काहीच बदललं नाही तर 2100 पर्यंत जग कारखान्यांच्या आधीच्या काळापेक्षा तीन अंशांहून जास्त तापलेलं दिसतं. मी म्हटलं, "झाडं लाव." तिनं झाडांची पट्टी शेवटपर्यंत नेली. आकडा जेमतेम हलला. झाडं वाढायला वर्षं लागतात, जमीनही लागते. वृक्षारोपणाचे इतके फोटो काढले आपण! कोळशाची पट्टी ओढली तेव्हा कुठे आकडा नीट उतरला.

पण पोरगी गप्प झाली. तिरोड्याचं 3300 मेगावॅटचं वीजकेंद्र कोळशावरच चालतं. "काकू, माझ्या मैत्रिणीचे बाबा तिथेच आहेत. ते काय करतील मग?" त्याची पट्टी पडद्यावर नव्हती.

पुढची पट्टी मिथेनची. त्यात धानशेतीही येते म्हणे. मला रागच आला. चिखलात वाकून रोवणी आपण बायांनी करायची, पाऊस लांबला की पऱ्हे पिवळे पडताना बघायचे, आणि वर दोषही आपलाच? तिनं समजावलं. बांधीत पाणी साचून राहिलं की खालच्या चिखलाला हवा मिळत नाही. तिथले जंतू कुजका पाला खाऊन मिथेन सोडतात, तो धानाच्या दांड्यातूनच वर येतो. मधूनमधून पाणी काढून बांधी सुकू दिली तर तो बराच घटतो.

रात्री जेवताना सासऱ्यांना विचारलं, "मामंजी, मध्ये एकदा पाणी काढलं तर?"

"काढू की," ते म्हणाले. "पण नंतर पाऊस नाही आला, तर तलावाचं पाणी आपल्या शेवटच्या बांधीपर्यंत पोचतं का, ते विचार तिच्या कॉम्प्युटरला."