महाबळेश्वरचा पाऊस, माणचा दुष्काळ आणि ‘आर’

सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले पां. वा. सुखात्मे हे नमुना-पाहणीच्या शास्त्रातलं जगभर ओळखलं जाणारं नाव. त्यांच्या पिढीला बेरजा आणि वर्गमुळं हातानं काढावी लागत. आज ते काम ‘आर’ क्षणात उरकतं. रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी ऑकलंड विद्यापीठात घडवलेलं हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

समजा, सातारा जिल्ह्यातल्या महाबळेश्वरपासून माणपर्यंतच्या पाच ठिकाणांचा वार्षिक पाऊस त्यात भरला. आकडे उदाहरणापुरते आणि गोल: ६०००, ९००, ६००, ५००, ५०० मिमी. ‘मीन’, म्हणजे सरासरी, म्हणताच उत्तर येतं १७००. गणित अचूक, पण याच्या जवळपासचा पाऊस या पाचांपैकी कुठेच पडत नाही! सह्याद्रीच्या माथ्यावरच्या महाबळेश्वरने पर्जन्यछायेतल्या माणला कागदोपत्री चिंब केलं. ‘मीडियन’, म्हणजे मध्यक, विचारा: ६००. हे पटण्यासारखं. आधी ‘बॉक्सप्लॉट’ काढला असता, तर महाबळेश्वरचा एकटा ठिपका लांबूनच दिसला असता.

सांगलीकडे वेगळी गफलत होते. तासगावच्या त्याच दहा द्राक्षबागांचं खतापूर्वीचं आणि खतानंतरचं उत्पन्न ताडायचं, तर जोडीची टी-चाचणी हवी. ‘आर’मध्ये तसं स्पष्ट सांगावं लागतं. न सांगितल्यास ते दोन्ही रकाने वेगवेगळ्या बागांचे धरतं आणि तक्रार न करता भलतीच पी-किंमत छापतं.