घरगुती विद्युत जनित्राचा सुरक्षित वापर

घरगुती विद्युत जनित्र (जनरेटर) हे पेट्रोल, डिझेल किंवा गॅसवर चालणाऱ्या इंजिनाच्या साहाय्याने वीज निर्माण करणारे यंत्र होय. वीजपुरवठा खंडित झाल्यास घरातील आवश्यक उपकरणे चालविण्यासाठी त्याचा उपयोग होतो. इन्व्हर्टर बॅटरीत साठविलेली वीज पुरवितो, तर जनित्र इंधन जाळून वीज तयार करते. त्यामुळे दीर्घकाळ वीज नसताना ते अधिक उपयुक्त ठरते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकल्यानंतर रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांच्या काही भागांत वीजपुरवठा पूर्ववत होण्यास अनेक दिवस लागले होते. जनित्राच्या वापरातील दोन प्रमुख धोके, विषारी वायू आणि उलट वीजप्रवाह, डोळ्यांना दिसत नाहीत.

विषारी वायूचा धोका

इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन व गंधहीन वायू असतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या तुलनेत दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जोडला जातो आणि शरीराला ऑक्सिजन मिळेनासा होतो. डोकेदुखी, चक्कर, मळमळ व अशक्तपणा ही त्याची सुरुवातीची लक्षणे होत. झोपेत असलेल्या व्यक्तीस ती न जाणवताच मृत्यू येऊ शकतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात थंडीच्या लाटेत वीजपुरवठा कोलमडला, तेव्हा या वायूच्या विषबाधेने अनेकांचे प्राण गेले.

जनित्र घरात, तळघरात, गॅरेजमध्ये किंवा बंद गॅलरीत कधीही चालवू नये. दारे-खिडक्या उघड्या ठेवणे किंवा पंखा लावणे हा पुरेसा उपाय नाही. जनित्र घरापासून किमान ६ मीटर (२० फूट) दूर, धुराचे तोंड घराच्या विरुद्ध दिशेस करून ठेवावे. पावसाळ्यात ते पडवीत आणून ठेवण्याकडे कल असतो. त्याऐवजी घरापासून दूर, चारही बाजूंनी मोकळे असे छप्पर उभारावे. विषबाधेची शंका आल्यास रुग्णास तत्काळ मोकळ्या हवेत न्यावे व रुग्णालयात दाखल करावे. बोटाला लावण्याचा साधा ऑक्सिमीटर अशा वेळी फसवे, सामान्य वाटणारे आकडे दाखवू शकतो.

उलट वीजप्रवाह

जनित्र थेट घराच्या वायरिंगला जोडल्यास त्याची वीज मीटरमार्गे बाहेरच्या वाहिनीत जाऊ शकते. वितरण रोहित्र एरवी ११,००० व्होल्टचा दाब घरगुती पातळीवर उतरविते. वीज उलट दिशेने आल्यास तेच रोहित्र दाब पुन्हा वाढविते. वाहिनी बंद आहे असे समजून खांबावर दुरुस्ती करणाऱ्या वायरमनच्या जिवाला त्यामुळे धोका निर्माण होतो. दोन्ही टोकांना प्लग असलेल्या वायरने भिंतीवरील सॉकेटमध्ये वीज सोडणे विशेष घातक आहे, कारण सॉकेटमधून निसटलेल्या प्लगच्या उघड्या पिनांमध्येही वीज असते.

केवळ मेन स्विच बंद ठेवण्यावर विसंबणे योग्य नाही, कारण तो बंद करण्याचा विसर पडू शकतो. चेंजओव्हर स्विचची रचनाच अशी असते की घर एका वेळी वाहिनीला किंवा जनित्राला, यांपैकी एकालाच जोडले जाते. फेज व न्यूट्रल दोन्ही तोडणारा स्विच परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून बसवून घ्यावा. तो नसल्यास उपकरणे योग्य जाडीच्या, तीन तारांच्या एक्स्टेन्शन वायरने थेट जनित्राला जोडावीत.

भार, इंधन व अर्थिंग

मोटर असलेली उपकरणे सुरू होताना नेहमीपेक्षा कित्येक पट अधिक प्रवाह घेतात. त्यामुळे फ्रिज, पाण्याचा पंप इत्यादी उपकरणे एकाच वेळी सुरू न करता एकामागून एक सुरू करावीत व एकूण भार जनित्राच्या क्षमतेपेक्षा कमी ठेवावा.

पेट्रोलची वाफ सहज पेट घेते. म्हणून इंधन भरण्यापूर्वी जनित्र बंद करून पूर्ण थंड होऊ द्यावे. इंधन घट्ट झाकणाच्या योग्य डब्यात, राहत्या खोल्यांपासून व ज्योतीपासून दूर साठवावे. जनित्राचे अर्थिंग उत्पादकाच्या सूचनेनुसार करावे आणि ओल्या हातांनी यंत्र हाताळू नये.

वीज परत आल्यावर प्रथम जनित्रावरील उपकरणे बंद करावीत, मग चेंजओव्हर स्विच वाहिनीकडे वळवावा आणि शेवटी इंजिन थांबवावे.