आज्जी भाकरी कुस्करून का खाते?

मराठी मंडळाच्या अंकात कवळीवर लेख? संपादकांनीही हसून विचारलं. पण आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी रात्री काचेच्या पेल्यात कवळी भिजत असते, किंवा भिजायला हवी ती भिजत नसते, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. म्हणून लिहिते आहे.

गेल्या वर्षी माझ्या आज्जीला नवी पूर्ण कवळी बसवली. महिनाभरात तिचं जेवण अर्ध्यावर आलं. ज्वारीची कडक रोटी तिने सोडली, मग मऊ भाकरीही आमटीत कुस्करून खाऊ लागली. विचारलं की म्हणायची, "असू दे गं, या वयात चालायचंच." दात आहेत तर चणे नाहीत ही म्हण तिने स्वतःवरच लावून घेतली होती. चणेही होते, दातही होते. दुखत होत्या त्या हिरड्या.

हे दुखणं कुठून येतं, ते आधी समजून घेऊ. खरा दात मुळाने हाडात रोवलेला असतो, आणि मूळ व हाड यांच्यामध्ये तंतूंची एक बारीक गादी असते. चावण्याचा जोर ती झेलते. कवळीला मूळ नाही. तिचा सगळा भार हिरडीच्या नाजूक कातडीवर पडतो, आणि ती कातडी या कामासाठी घडलेलीच नाही. वरच्या कवळीला टाळूचा आधार मिळतो, साधारण 23 चौरस सेंटिमीटर जागा. खालच्या कवळीला जीभ सोडून उरलेली जेमतेम 12. त्यामुळे तक्रार बहुतेक वेळा खालच्या कवळीचीच असते.

दुसरं म्हणजे हाड झिजतं. दात काढले की जबड्याच्या हाडाला काम उरत नाही, ते वर्षानुवर्षं कमी होत जातं, आणि खालच्या जबड्याचं जास्त. कवळी मात्र आहे तशीच राहते. पाच वर्षांपूर्वी बरोबर बसणारी कवळी आज हलते, घासते, फोड आणते. "इतकी वर्षं चांगली होती, आत्ताच काय झालं?" असं जे घरोघरी विचारलं जातं, त्याचं उत्तर हे.

तिसरी गोष्ट लाळ. कवळी आणि हिरडी यांच्यात लाळेचा पातळ थर असतो, तोच तिला धरूनही ठेवतो आणि घर्षणही कमी करतो. रक्तदाबाच्या, ॲलर्जीच्या, नैराश्याच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. औषध आपल्या मनाने बंद करायचं नाही. पण दंतवैद्याकडे जाताना गोळ्यांची चिठ्ठी बरोबर न्यायची.

आपल्याकडचं खाणंही त्यात भर घालतं. अळशीची चटणी, शेंगाची चटणी, तीळ लावलेली रोटी. यातला एक कण कवळीखाली गेला की चपलेत खडा गेल्यासारखं होतं. जेवल्यावर कवळी काढून खळखळून चूळ भरली, तर निम्म्या तक्रारी तिथेच थांबतात असं माझं मत झालं आहे.

नवी कवळी पहिले काही दिवस थोडी बोचते, हे खरं. त्या दिवसांत खिमट, मऊ भात, उकडलेली भाजी. लहान घास, आणि दोन्ही बाजूंनी सारखं चावणं. एकाच बाजूने चावलं की कवळी दुसऱ्या बाजूला उचलली जाते. दुखरी जागा दिसली तर कवळी काढून हिरडीला विश्रांती द्यावी, पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या कराव्यात. खरा उपाय मात्र दंतवैद्याकडे असतो: कवळी नेमकी कुठे दाबते ते खुणेच्या लेपाने शोधून तेवढाच भाग घासून देतात. पाच-दहा मिनिटांचं काम. जखम मग साधारण आठवडाभरात भरते. एक युक्ती लक्षात ठेवा. दाखवायला जाण्याआधी काही तास कवळी घालून ठेवावी, म्हणजे दाबाची खूण ताजी दिसते. कवळी रुमालात बांधून नेली तर डॉक्टरांना शोधायला काहीच उरत नाही.

आमच्या गल्लीतल्या एका आजोबांनी ब्लेडने कवळी स्वतःच तासली होती. ती पुन्हा कधी नीट बसली नाही. तसंच दुखऱ्या हिरडीवर लवंगाचं तेल लावू नये आणि ॲस्पिरिनची गोळी धरू नये. दोन्हींनी कातडी भाजते. बधिर करणारं जेल वरवर बरं वाटतं, पण दुखणं कळेनासं झालं की माणूस तीच कवळी घालून त्याच जखमेवर चावत राहतो.

न दुखणारा आजारही असतो, आणि मला तो जास्त फसवा वाटतो. वरच्या कवळीखालची टाळू लालभडक होते, तोंडाचे कोपरे चिरतात, पण फारसं दुखत नाही. हा बहुधा कँडिडा नावाच्या बुरशीचा प्रताप. रात्रंदिवस कवळी घालणाऱ्यांत आणि मधुमेह असणाऱ्यांत तो जास्त दिसतो. डॉक्टर बुरशीवरचं औषध देतात. कवळीही निर्जंतुक करावी लागते, नाहीतर बुरशी तिच्यातून परत येते.

म्हणून रात्री कवळी काढायचीच. जपानमध्ये 85 वर्षांवरच्या 524 ज्येष्ठांचा एक अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. कवळी घालून झोपणाऱ्यांत न्यूमोनियाचा धोका दुपटीहून अधिक आढळला. काढलेली कवळी साध्या पाण्यात ठेवावी, कारण सुकली तर तिचा आकार बदलू शकतो. उकळतं पाणी नको, त्याने ती वाकते. घासायला मऊ ब्रश आणि भांड्यांचा पातळ साबण पुरे, मग भरपूर पाण्याने धुवायची. टूथपेस्ट, राखुंडी, मिश्री यांनी ॲक्रिलिकवर ओरखडे पडतात आणि बुरशीला घर मिळतं. (मिश्री म्हणजे तंबाखूच, ती तर कशालाच नको.) धुताना खाली पाण्याने भरलेलं टोपलं ठेवा, फरशीवर पडलेली कवळी सांधण्यापेक्षा ते सोपं.

आपल्या मंडळींसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. व्याकरणात आपण दंत्य वर्ण पाठ करतो: त, थ, द, ध, न. पण 'चमचा'तला च आणि 'चहा'तला च यांतला फरक कवळी हलत असेल तर बोलता येत नाही. आज्जी जेवणाआधी बोलणंच कमी करत गेली होती. मी ते फार लक्षपूर्वक पाहिलं, कारण घरात तिच्याइतकं चांगलं मराठी कुणी बोलत नाही. आम्ही सगळे अर्धे कन्नडात.

तिची कवळी दोनदा घासून घेतली, मग आतून नवा थर देऊन बसती केली. आता ती रोटी खाते, अजून आमटीत बुडवूनच, पण ती तिची आवड आहे.

हुबळी-धारवाडकरांना लांब जायची गरज नाही. सत्तूरला एसडीएम दंत महाविद्यालय 1986 पासून आहे, चिगरी बसने जाता येतं. तिथे प्रोस्थोडॉन्टिक्स विभाग विचारावा. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना मोफत कवळी देणारी कर्नाटक सरकारची 'दंत भाग्य' योजना आहे; वयाची अट आणि कागदपत्रं जाण्याआधी सरकारी रुग्णालयात विचारून घ्या.

आणि दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंडातली गाठ, विशेषतः तंबाखू किंवा गुटखा खाणाऱ्यांत, कवळीची म्हणून सोडून देऊ नका. ती त्याच आठवड्यात दाखवायची.