कार्ड हातात, नाव यादीत नाही

निवडणूक जवळ आली की एक संदेश हमखास फिरू लागतो. यादीत नाव नसेल तर काळजी करू नका, आधार किंवा मतदार ओळखपत्र दाखवा, ‘कलम ४९अ’ नुसार ‘चॅलेंज व्होट’ मागा. तुमच्या नावावर दुसऱ्याने मत टाकलं असेल तर ‘टेंडर व्होट’ मागा. आणि अशी मतं १४ टक्क्यांच्या वर गेली तर त्या केंद्रावर फेरमतदान होतं. निवडणूक आयोगाने हा संदेश खोटा असल्याचं जाहीरपणे सांगितलं आहे. तरीही चांगली शिकलेली, मतदानाबद्दल मनापासून आस्था असलेली माणसं तो संदेश पुढे पाठवतात, आणि त्याच्यावर विसंबलेला माणूस मतदानाच्या दिवशी केंद्रावरून परत फिरतो.

हा संदेश एकदा नीट तपासून पाहू. निवडणूक संचालन नियम, १९६१ मधला ‘४९अ’ हा नियम मतदान यंत्राची रचना कशी असावी याबद्दल आहे. यादीत नाव नसलेल्या मतदाराशी त्याचा काही संबंध नाही. आव्हान देण्याची तरतूद आहे, पण ती ‘४९जे’ मध्ये, आणि ती मतदारासाठी नाहीच. ती उमेदवारांच्या मतदान प्रतिनिधींसाठी आहे. समोर उभा असलेला माणूस यादीतला तो माणूस नव्हेच, असा संशय आला तर प्रतिनिधी २ रुपये भरून त्याच्या ओळखीवर आक्षेप घेऊ शकतो. मग केंद्राध्यक्ष तिथल्या तिथे चौकशी करतात. आक्षेप टिकला नाही तर मतदार मत देतो, टिकला तर तोतया पोलिसांच्या ताब्यात जातो. म्हणजे या तरतुदीसाठीसुद्धा नाव आधी यादीत असावंच लागतं.

‘टेंडर व्होट’, म्हणजे प्रदत्त मत, ही मात्र खरी आणि उपयोगाची तरतूद आहे. तुम्ही केंद्रावर पोहोचलात आणि तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलंय असं कळलं, तर ओळख पटवल्यावर तुम्हाला कागदी मतपत्रिका मिळते. ती यंत्रात जात नाही, वेगळ्या पाकिटात बंद होते आणि मतमोजणीच्या दिवशी मोजली जात नाही. निवडणूक याचिका झाली तरच न्यायालयात तिचा विचार होऊ शकतो. राजस्थानात २००८ साली नाथद्वारा मतदारसंघाचा निकाल अवघ्या एका मताने लागला, आणि तिथल्या प्रदत्त मतांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १४ टक्क्यांचा नियम मात्र कुठल्याही कायद्यात नाही.

या संदेशावर विश्वास बसतो, कारण त्याच्या मुळाशी एक जुना समज आहे: कार्ड आहे म्हणजे मत आहे. तसं नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ चं कलम ६२ स्पष्ट सांगतं की ज्याचं नाव त्या मतदारसंघाच्या यादीत नाही त्याला तिथे मत देता येणार नाही. मतदार ओळखपत्र १९९३ मध्ये, टी. एन. शेषन यांच्या काळात आलं ते तोतयेगिरी रोखण्यासाठी. त्याच्यावरून तुम्ही कोण हे कळतं, तुम्हाला हक्क आहे की नाही हे यादीवरून ठरतं. म्हणूनच यादीत नाव असेल आणि कार्ड हरवलं असेल तर आधार, पारपत्र, वाहन परवाना, पॅन, फोटो असलेलं बँकेचं पासबुक अशा ओळखपत्रांवरही मत देता येतं. उलट मात्र चालत नाही.

मतदान केंद्रात हे डोळ्यांना दिसतं. पहिला मतदान अधिकारी तुमचं नाव आणि अनुक्रमांक मोठ्याने वाचतो, शेजारी बसलेले पक्षांचे प्रतिनिधी आपापल्या यादीत खूण करतात. प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेलं कार्ड पुढे करणाऱ्या आजींचं नाव त्या पानावर नसेल, तर त्या अधिकाऱ्याच्या हातात काहीच उरत नाही. उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची मुदत टळली की निवडणूक होईपर्यंत यादीत नवं नाव घालताच येत नाही. आजींनी अधिकाऱ्याशी कितीही वाद घातला तरी तो हरलेलाच असतो, आणि हे मला फार लागतं, कारण चार महिने आधी हीच गोष्ट एका अर्जात निस्तरली असती.

नावं जातात कशी? चाळ पुनर्विकासाला गेली, बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) आले तेव्हा घराला कुलूप होतं, कुणी नमुना ७ भरून हरकत घेतली, केंद्रांची फेररचना होऊन नाव दुसऱ्या यादी भागात गेलं. चुकाही होतात, आणि मोठ्या होतात. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत पुण्या-मुंबईत इतक्या लोकांची नावं गायब होती की निवडणूक आयुक्त एच. एस. ब्रह्मा यांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली. पण ज्यांचं मत हुकलं ते हुकलंच. तेव्हा यादी मतदानाच्या आदल्या रात्री नव्हे, प्रारूप यादी लागते तेव्हा पाहायची. नवं नाव नमुना ६ वर. पत्ता बदलणं, दुरुस्ती किंवा दुसरं कार्ड हवं असेल तर नमुना ८.

महापालिका, जिल्हा परिषदेच्या वेळी गोंधळ वाढतो, कारण त्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, पण यादी विधानसभेचीच वापरतो. ठरावीक तारखेची यादी घेऊन ती प्रभागांत फोडली जाते. नाव चुकीच्या प्रभागात पडलं असेल तर हरकत घेऊन दुरुस्त होतं, पण विधानसभेच्या यादीतच नसलेलं नाव तिथे नव्याने घालून मिळत नाही.

बाकीचे समज थोडक्यात. दोन निवडणुकांत मत दिलं नाही म्हणून नाव कापलं जात नाही. १८ पूर्ण झाल्यावर पुढच्या जानेवारीची वाट पाहावी लागत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वर्षात चार अर्हता दिनांक आहेत आणि १७ पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. मुंबईत राहायचं आणि नाव कोकणातल्या गावीही ठेवायचं, हे चाकरमान्यांना कितीही जिव्हाळ्याचं वाटलं तरी बेकायदा आहे. गावी घर आहे एवढ्यावर माणूस तिथला रहिवासी ठरत नाही, आणि अर्जात खोटी माहिती दिली तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. परदेशी गेलेल्याचा हक्क भारतीय नागरिकत्व असेपर्यंत जात नाही; नमुना ६अ भरायचा, मात्र मत द्यायला पारपत्र घेऊन स्वतः यावं लागतं.

आणि पक्ष. आपल्या यादीत पक्षाचा रकाना नसतो. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत मतदार नोंदणी करतानाच पक्ष सांगता येतो, इथे पक्षाची सदस्य नोंदणी आणि मतदार यादी यांचा काही संबंध नाही. कार्यकर्त्याने अर्ज भरून दिला तरी निर्णय मतदार नोंदणी अधिकाऱ्याचा. मान्यताप्राप्त पक्षांना बूथनिहाय प्रतिनिधी नेमता येतात, त्यांना बीएलओकडे दिवसाला जास्तीत जास्त १० अर्ज देता येतात, आणि प्रारूप व अंतिम यादी पक्षांना विनामूल्य मिळते. ‘आमच्या मतदारांची नावं कापली’ असं निकालानंतर सांगणाऱ्या प्रत्येक पक्षाला विचारायला हवं की प्रारूप यादी हातात आली तेव्हा तुमच्या बूथ प्रतिनिधीने ती वाचली का, हरकती किती घेतल्या. पक्षाला कुणाचं नाव परस्पर काढता येत नाही. नमुना ७ आला तरी पडताळणी करावी लागते, संबंधिताला म्हणणं मांडण्याची संधी द्यावी लागते. त्यानंतरही नाव गेलं तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं, आणि तिथला निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे.