शैवालातील प्रथिने आणि विषाणुजन्य व्याधी

मागील पावसाळ्यात एक मध्यमवयीन रुग्ण आमच्या चिकित्सालयात आला. एच.आय.व्ही.ची बाधा, शासकीय केंद्रातून मिळणाऱ्या गोळ्या सहा वर्षे नियमित चालू, प्रकृती उत्तम. त्याने पिशवीतून हिरव्या चूर्णाची बाटली काढून पुढे ठेवली आणि विचारले, "वैद्यराज, शेवाळात या विषाणूला बांधून टाकणारे द्रव्य सापडले आहे म्हणे. मग गोळ्या बंद करून हेच घेतले तर?" बाटली स्पिरुलिनाची होती आणि ती त्याला एका औषध विक्रेत्याने याच समजुतीने दिली होती. त्याच्या बोलण्यातील पहिले वाक्य खरे होते, म्हणूनच उत्तर देणे अवघड झाले.

ते द्रव्य म्हणजे ग्रिफिथसिन हे प्रथिन. न्यूझीलंडच्या समुद्रातून गोळा केलेल्या ग्रिफिथसिया वंशाच्या लाल शैवालातून अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील संशोधकांनी ते वेगळे केले आणि २००५ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. (वंशाचे नाव अमिलिया ग्रिफिथ्स या इंग्रज शैवाल-संग्राहक विदुषीवरून पडले आहे.) त्याआधी १९९७ साली त्याच संस्थेने नॉस्टॉक या नील-हरित शैवालातून सायनोव्हिरिन-एन हे १०१ अमिनो आम्लांचे प्रथिन मिळविले होते. ग्रिफिथसिन १२१ अमिनो आम्लांचे आहे.

ही दोन्ही प्रथिने लेक्टिन वर्गातील, म्हणजे शर्करेला चिकटणारी आहेत. एच.आय.व्ही.च्या बाह्य आवरणावरील प्रथिनावर मॅनोज शर्करेच्या साखळ्यांचे दाट आच्छादन असते. या आच्छादनाआड लपून विषाणू शरीराच्या प्रतिकारशक्तीला चकवतो. ग्रिफिथसिनचे दोन रेणू जोडीने राहतात. प्रत्येकावर शर्करा धरण्याच्या तीन जागा, म्हणजे जोडीस सहा. ही पकड बसली की विषाणूला पेशीत शिरता येत नाही. विषाणूचे जे कवच, तेच येथे पकडीची जागा होते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सार्स विषाणूची बाधा केलेल्या उंदरांच्या नाकावाटे हे प्रथिन दिल्यावर ते वाचले. न दिलेल्यांपैकी बहुतेक मेले. केरळने २०१८ साली ज्याचा तडाखा सोसला त्या निपाह विषाणूविरुद्धही हॅमस्टर प्राण्यांत त्याने अंशतः संरक्षण दिले.

सायनोव्हिरिनची एक अडचण मात्र ध्यानात घ्यावी. ते मानवी लसपेशींना अकारण उत्तेजित करते. ग्रिफिथसिनमध्ये हा दोष फारसा आढळला नाही, म्हणून पुढील काम त्यावर अधिक झाले.

आता औषधनिर्मात्यांच्या कुतूहलाचा भाग. शैवालातून हे प्रथिन अत्यल्प मिळते. समुद्र उपसूनही औषध पुरणार नाही. म्हणून त्याचे जनुक तंबाखू-मोझॅक विषाणूत घालून तंबाखूच्या कुळातील निकोटियाना बेंथामियाना या वनस्पतीस त्याची बाधा करण्यात आली. अमेरिकेतील केंटकी राज्यात एका हरितगृहात असे पीक घेऊन पानांच्या प्रत्येक किलोमागे १ ग्रॅमहून अधिक प्रथिन मिळाल्याचे २००९ साली नोंदले गेले. ज्या तंबाखूवरून आम्ही रोज रुग्णांशी वाद घालतो, तिचीच ही भावंड येथे औषधशाळा बनली! मानवावरील चाचण्या मात्र अद्याप सुरक्षिततेपुरत्या प्राथमिक आहेत आणि त्याही स्थानिक उपयोगाच्या जेल अथवा द्रवरूपात.

प्रयोगशाळेतील यश व रुग्णाचे संरक्षण यांत किती अंतर असते, हे कॅरागीननने शिकविले आहे. लाल शैवालातील ही बहुशर्करा प्रयोगशाळेत विषाणूस अडवीत होती. तिच्या जेलची दक्षिण आफ्रिकेत २००४ ते २००७ या काळात ६,२०२ स्त्रियांवर मोठी चाचणी झाली. जेल सुरक्षित ठरले, पण एच.आय.व्ही.ची बाधा रोखण्यात ते यशस्वी ठरल्याचे सिद्ध झाले नाही.

आपल्यापैकी काहींना चरकसंहितेतील विसर्पचिकित्सेतल्या लेपांत येणारे शैवल आठवेल आणि 'हे आमच्याकडे होतेच' असे म्हणण्याचा मोह होईल. तो आवरावा. तेथे शैवलाची योजना शीत गुणासाठी, दाह व पित्त यांच्या शमनार्थ आहे. शिवाय वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकांनी या नावाखाली सेराटोफायलम किंवा व्हॅलिसनेरिया यांसारख्या सपुष्प जलवनस्पती सांगितल्या आहेत. त्या शैवाल नव्हेतच. जी गोष्ट संहितेत नाही ती तिच्या माथी मारल्याने तिचा गौरव होत नाही.

राहिली ती बाटली. स्पिरुलिना हा निराळाच जीव आहे आणि ग्रिफिथसिन हे ग्रिफिथसियाचे प्रथिन आहे. पोषणासाठी स्पिरुलिना विकावयास आमची हरकत नाही. विषाणूवरील औषध म्हणून विकण्यास आहे. रोग बरा करण्याच्या खोट्या जाहिरातींविरुद्ध १९५४ पासून कायदा आहे, याचे स्मरण दुकानदार बंधूंनी ठेवावे. पण आमची काळजी कायद्याहून मोठी आहे. एच.आय.व्ही.च्या गोळ्या थांबल्या की दबलेला विषाणू काही आठवड्यांतच पुन्हा वाढू लागतो, आणि अर्धवट सेवनाने तो त्या औषधांना दाद देईनासा होऊ शकतो.

आम्ही त्या गृहस्थास एवढेच सांगितले, की द्रव्य खरे आहे, पण ते या बाटलीत नाही, आणि आपल्या गोळ्या एक दिवसही चुकवू नका. पुढील महिन्यात तो आला तेव्हा गोळ्यांचे पाकीट आपणहून दाखविले. बाटली परत करावयास तो दुकानात गेला होता. विक्रेत्याने ती घेतली नाही.