इफ्तारची वेळ आणि फोनमधला निळा ठिपका

गेल्या रमजानमध्ये जुन्या नाशकातल्या आमच्या घरी दस्तरखानाशेजारी तीन फोन होते आणि मगरिबच्या वेळाही तीन. नागपूरहून आलेल्या भाच्याच्या फोनवर तर 21 मिनिटे आधीच अजान झाली. खजूर त्याच्या हातात होता. अम्मींनी थांबवले, "थांब बेटा, मस्जिदीतली अजान होऊ दे."

भाच्याने ॲपला लोकेशनची परवानगी दिलेली नव्हती; ते नागपूरच धरून बसले होते. नागपूर आपल्या पूर्वेला सव्वापाच रेखांशांवर, आणि दर रेखांशाला सूर्याची 4 मिनिटे. मुलीच्या फोनचेही लोकेशन बंद. इंटरनेटच्या जोडणीवरून त्याने आम्हाला मुंबईत बसवले. मुंबईत सूर्य तीन-चार मिनिटे उशिरा मावळतो. इफ्तारला तेवढा उशीर चालेल, पण तिथल्या वेळेवर सहरी खात राहिलो तर?

तिसरा फोन उपग्रहांवरून जागा ठरवत होता. त्यासाठी किमान 4 उपग्रहांचे संकेत लागतात. ईदगाह मैदानासारख्या मोकळ्या जागी चूक साधारण 5 मीटरची. चौक मंडईच्या बोळात संकेत भिंतींवर आपटून येतात, मग ती वाढते. घरात फोन वायफायचा किंवा टॉवरचा आधार घेतो. टॉवरवरचा अंदाज शेकडो मीटर, कधी काही किलोमीटरही चुकतो. नकाशात निळ्या ठिपक्याभोवती दिसणारे फिकट वर्तुळ हे या चुकीचेच माप. अँड्रॉइडमध्ये ते 68 टक्के खात्रीचे असते, म्हणजे तीनातून एकदा आपण वर्तुळाच्या बाहेरही असू शकतो. आम्ही इतकी वर्षे त्या ठिपक्यालाच घर समजत होतो!

नमाजच्या वेळेला ही चूक किरकोळ आहे. एका मिनिटाचा फरक पडायला नाशिकहून पूर्वेला किंवा पश्चिमेला सुमारे 26 किलोमीटर जावे लागते. मक्का साडेतीन हजार किलोमीटरवर, त्यामुळे गल्ली चुकली म्हणून किब्ला हलत नाही. फोनचे होकायंत्र बिघडते ते बहुधा कव्हरमधल्या लोहचुंबकाने.

रुग्णवाहिकेला मात्र पन्नास मीटरही जड जातात. शेजारच्या चाचांच्या छातीत रात्री दुखू लागले, तेव्हा आम्ही आतल्या खोलीतूनच लोकेशन पाठवले. गाडी मागच्या गल्लीत जाऊन उभी राहिली, आणि तिथून इकडे यायला वाट नाही. चाचा बचावले, अल्हमदुलिल्लाह.

आता लोकेशन पाठवायचे तर आम्ही आधी गच्चीवर जातो, वर्तुळ लहान होऊ देतो. सोबत लिहितो: मस्जिदीच्या मागे, हिरवा दरवाजा. आणि एका मुलाला नाक्यावर उभे करतो.